खाणीची तहकुबी आणि वरच्या शेताचा धनी

शेतकऱ्याला तहकुबी या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाहीं. पाऊस गेला, पीक बुडालें, आणेवारी खालीं आली, म्हणजे सरकार साऱ्याची वसुली कांहीं काळ थांबवितें. देणें बुडत नाहीं, फक्त थांबतें. हाच शब्द जमिनीच्या पोटांत काम करणाऱ्या खाणवाल्यानें उच्चारला म्हणजे मात्र आमच्यापैकीं पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. कोळशाच्या खाणीचा पट्टेदार जर म्हणूं लागला कीं, खालीं अकल्पित पाणी लागलें, आग पेटली, वायु निघाला, सबब पट्ट्यांतील माझीं बंधनें कांहीं काळ तहकूब ठेवा, तर शेतकऱ्यानें त्याची बाजू घ्यावी कीं त्याला विरोध करावा, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों. आमचें उत्तर आरंभींच सांगून ठेवितों. तहकुबी द्यावी, परंतु ती खालच्या कामाची द्यावी, वरच्या शेताच्या देण्याची देऊं नये.

धायरीच्या शिवारांत कोळसा नाहीं, व तो निघण्याचा संभवहि नाहीं. आमच्या पायाखालीं आहे तो काळा पाषाण. शिवाय २०१७ सालीं धायरी पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत गेली, आणि आतां येथें पिकांपेक्षां इमारतींचीच वाढ जोमानें होत आहे. मग कोळशाच्या खाणीची उठाठेव आम्ही कां करितों, असें कोणी विचारील. त्याचें एक कारण असें कीं, हाच काळा पाषाण पूर्वेकडे पसरत जाऊन नागपूर व यवतमाळ या भागांत कोठें कोठें कोळशाच्या थरांवर बसलेला आहे, आणि त्या थरांच्या डोक्यावर आमच्यासारख्याच शेतकऱ्यांचीं कापसाचीं व तुरीचीं शेतें आहेत. दुसरें कारण आमच्या स्वतःच्या विहिरींत आहे, व तें सांगतांना आम्हांस थोडी लाज वाटते.

आमच्या मळ्यांतील विहिरीचें काम आम्हीं एकदां उक्तें दिलें होतें. चार महिन्यांत पाणी दाखवावें, न दाखविल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला ठराविक रक्कम कापून घ्यावी, असा कागद झाला होता. तीन परसांपर्यंत मुरूम नीट लागला. पुढें पाषाण लागला, आणि पाषाणाच्या वरच्या सांध्यांतून पाझर येऊन एका बाजूची माती सुटूं लागली. काम घेणारा म्हणाला, "दादा, पंधरा दिवस थांबूं या. बाजू बांधून काढतों, मग माणसें उतरवितों." आम्हीं कागद पुढें केला. तो गरीब माणूस कापणीच्या भीतीनें गप्प झाला व माणसें खालीं उतरलीं. चौथ्या दिवशीं दुपारीं ती बाजू ढासळली व निम्मी विहीर भरून गेली. माणसें भाकरी खाण्यास वर आलीं होतीं, म्हणून वांचलीं. आमच्या शहाणपणानें नव्हे. त्या दिवशीं आम्हांस कळलें कीं, भुईखालच्या कामाच्या कागदांत थांबण्यास जागाच ठेवली नाहीं, तर तो कागद माणसाला मरणाच्या तोंडीं लोटतो. हें ज्याला विहिरीच्या बाबतींत पटलें, त्याला खाणीच्या बाबतींत निराळें सांगावयास नको.

विदर्भांतील कोळशाचा इतिहास दीडशें वर्षांचा आहे. चांदा जिल्ह्यांतील वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ सालीं सुरू झाली व १९०६ सालीं बंद पडली. तिच्या मागून बल्लारपूरची खाण पुढें आली. १९७३ सालीं देशांतील कोळशाच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, आणि १९७५ सालीं नागपुरास मुख्य कचेरी असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, उमरेड, कामठी हीं नांवें तेव्हांपासून कापसाइतकींच कोळशाचींहि झालीं. २०२० सालापासून खाजगी कंपन्यांनाहि लिलावानें कोळसा काढून विकण्यास मोकळीक मिळाली. म्हणजे पट्टेदार बदलत आले. पण वरचा शेतकरी व खालचा धोका मात्र तेच राहिले.

हा धोका कसा असतो तें थोडक्यांत सांगतों. खाण सुरू करण्यापूर्वीं जमिनींत भोकें पाडून थर कोठें व किती जाड आहे हें पाहतात. पण दोन भोकांच्या मधल्या जागेंत काय आहे, तें शेवटीं तर्कानेंच ठरवावें लागतें. प्रत्यक्ष बोगदा तेथें पोहोंचला म्हणजे कधीं थर एकाएकीं तुटून वर किंवा खालीं सरकलेला आढळतो, कधीं छताचा दगड कच्चा निघतो, कधीं पेट घेणारा वायु सुटतो, तर कधीं जुन्या सोडून दिलेल्या कामांत साचलेलें पाणी मधली भिंत फोडून आंत शिरतें. वर्धेच्या खोऱ्यांतील कोळशाला आणखी एक खोड आहे. हवा लागली म्हणजे तो आपोआप तापतो, व वेळीं बंदोबस्त न केल्यास पेट घेतो. झरियाच्या कोळशांतील आग १९१६ सालापासून ज्ञात आहे, व ती अजूनहि पुरती विझलेली नाहीं. यावरून भुईखालची आग म्हणजे काय प्रकरण आहे तें ध्यानांत येईल.

पाण्याच्या अपघातांचीं उदाहरणें तर अंगावर कांटा आणणारीं आहेत. छिंदवाडा जिल्ह्यांतील न्यूटन चिखली येथें डिसेंबर १९५४ मध्यें खाणींत पाणी शिरून साठांहून अधिक माणसें बुडालीं. त्या वेळीं तो मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशांतच मोडत होता. २७ डिसेंबर १९७५ रोजीं धनबादजवळ चासनाला येथें पाणी फुटून पावणेचारशेंच्या आसपास कामगार गेले. नोव्हेंबर १९८९ मध्यें राणीगंजच्या महावीर खाणींत पाणी शिरलें, तेव्हां वरून नवें भोंक पाडून व त्यांतून पोलादी पाळणा सोडून ६५ जणांस जिवंत वर काढण्यांत आलें, हें त्यांतल्या त्यांत समाधान.

आतां कायद्याकडे वळूं. पट्टेदाराचीं मुख्य बंधनें तीन. नेमून दिलेल्या मुदतींत व प्रमाणांत कोळसा काढणें. काढलेल्या कोळशावर स्वामित्वधन भरणें. आणि कांहींच न काढल्यास ठोक भाडें भरणें, ज्यास कचेरींत डेड रेंट म्हणतात. स्वामित्वधन व हें ठोक भाडें यांपैकीं जें अधिक होईल तें द्यावें लागतें. १९५७ च्या खाणी व खनिजें यांच्या कायद्याप्रमाणें काम सतत दोन वर्षें बंद राहिल्यास पट्टाच रद्द होतो. मात्र कारण आपल्या आटोक्याबाहेरचें आहे असें पट्टेदारानें मुदतीपूर्वीं अर्ज करून पटविल्यास तो वांचवितां येतो. १९६० च्या नियमांतील पट्ट्याच्या नमुन्यांत एक कलम घातलेलें होतें, त्याचा मतलब असा कीं, पूर, आग, स्फोट, भूकंप किंवा पट्टेदारास टाळतां न येण्यासारख्या अन्य घटनेमुळें अट मोडली तर तो करारभंग समजूं नये, व जितका काळ गेला तितका मुदतींत वाढवून द्यावा. लिलावानें दिलेल्या खाणींच्या करारांतहि अशाच अर्थाचें कलम असतें, कारण तेथें काम मागें पडलें तर बँकेची हमी जप्त होण्याची टांगती तलवार असते. तेव्हां तहकुबीचें तत्त्व कायद्याला अपरिचित नाहीं. प्रश्न तिच्या मर्यादेचा आहे.

या तत्त्वाशिवाय काय होतें, हें पाहण्यासाठीं शेतीच्याच पट्ट्यांकडे पाहावें. १६४७ सालीं इंग्लंडांत पॅराडाइन विरुद्ध जेन या नांवाचा दावा चालला. लढाईंत शत्रूच्या सैन्यानें कुळाला जमिनीवरून हुसकून लावलें होतें. तरीहि न्यायाधीशांनीं ठरविलें कीं, खंड कबूल केला आहे तो दिलाच पाहिजे. तीनशें वर्षांनीं आमच्याकडेहि तसेंच झालें. फाळणीच्या वर्षीं पंजाबांतील शेतजमीन खंडानें घेऊन पैसे आगाऊ भरलेल्या इसमाला ती जमीन पाकिस्तानांत गेल्यामुळें सोडून यावें लागलें. त्यानें पैसे परत मागितले. पण १९६८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ध्रुवदेव चंद यांच्या दाव्यांत निकाल दिला कीं, करार अशक्य झाला म्हणजे रद्द होतो हा १८७२ च्या करारकायद्याचा नियम एकदां ताबा दिलेल्या पट्ट्याला लागू नाहीं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यांत आग, पूर किंवा अनिवार्य शक्ति यांनीं मिळकत कायमची निकामी झाल्यास पट्टा सोडण्याची मुभा आहे. परंतु शेतीच्या पट्ट्यांना तो भाग सामान्यतः लागू होत नाहीं. शिवाय तेथेंहि मुभा आहे ती पट्टा मोडण्याची, थांबण्याची नव्हे. चालवा नाहीं तर मोडा, एवढे दोनच मार्ग उरले म्हणजे माणूस मोडण्याच्या भीतीनें चालवीत राहतो. आमच्या विहिरींत हेंच झालें होतें.

म्हणून आम्ही म्हणतों कीं, खाणवाल्याची तहकुबी ही त्याच्यावरची मेहेरबानी नव्हे. ती खालीं उतरणाऱ्या मजुराचें रक्षण आहे. आणि तो मजूर बहुधा जवळच्याच गांवच्या शेतकऱ्याचा मुलगा असतो. ती वरच्या शेताचेंहि रक्षण आहे. बोगद्यांत छताला आधार म्हणून कोळशाचे खांब ठेवितात. पुढच्या भागांत धोका लागून वाट बंद झाली, आणि ठराविक कोळसा तर भरलाच पाहिजे, असा पेंच आला, तर मागचे खांब घाईनें काढण्याचा मोह होतो. खांब गेले व पोकळी वाळूनें नीट भरली नाहीं, म्हणजे वरची जमीन खचते, शेतांत भेगा पडतात, बांध फुटतात व विहिरीचें पाणी खालीं उतरून जातें. खालच्या माणसाला श्वास घेण्यास वेळ दिला नाहीं, तर त्याची भरपाई वरच्या शेताला करावी लागते.

इतकें सांगून झाल्यावर दुसरी बाजूहि तितक्याच स्पष्टपणें मांडली पाहिजे. पट्टा दोघांचा असतो, पण जोखीम तिघांची असते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाप्रमाणें भुईखालचें खनिज सरकारचें. म्हणून करार सरकार व पट्टेदार यांच्यांत होतो. कित्येक ठिकाणीं जमीन न घेतां फक्त खालचे हक्क घेतले जातात, आणि शेत शेतकऱ्याच्याच नांवावर राहतें. त्याची त्या कागदावर सही नसते, साक्षहि नसते. मग तहकुबीचा हुकूम निघतो तेव्हां त्याला कोणी विचारीत नाहीं. सरकार आपली वसुली पुढें ढकलतें, पट्टेदार आपलें काम पुढें ढकलतो, आणि दोघांच्या मध्यें शेतकऱ्याची नुकसानभरपाईहि आपोआप पुढें ढकलली जाते. आमचा आक्षेप आहे तो येथें.

यांतील एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षांत आलेली दिसत नाहीं. २०१५ सालच्या दुरुस्तीनें प्रत्येक खाणीच्या जिल्ह्यांत बाधित गांवांसाठीं जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधि उभारण्याचें ठरलें. हा निधि स्वामित्वधनाच्या ठराविक हिश्शानें भरतो. कोळसा निघाला तर स्वामित्वधन, व स्वामित्वधन आलें तर निधि. म्हणजे खालीं आग किंवा पाणी लागून खाण थांबली, मजुरी बुडाली, विहिरी आटल्या, अशा ऐन गरजेच्या वेळींच त्या खाणीकडून निधींत येणारी धार आटते. हौदांत पाणी असेतों झरा चालू, आणि हौद कोरडा पडला कीं झराहि बंद, असा हा प्रकार आहे.

तहकुबीचा दुरुपयोग होण्याचें भयहि खोटें नाहीं. खाणी अडवून ठेवणें हा या देशांतील जुना रोग आहे. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कोळशाच्या २०४ गटांचें वांटप बेकायदेशीर ठरवून रद्द केलें, तेव्हां त्यांपैकीं बहुतेकांत उत्पादन सुरू झालेलेंच नव्हतें. बाजारभाव पडला म्हणजे ज्यास खालीं पाणी दिसतें व भाव चढला म्हणजे ज्याचें पाणी आटतें, अशा पट्टेदाराला तहकुबी देणें म्हणजे चांगल्या पिकाची आणेवारी खोटी लावण्यासारखें आहे. याकरितां पुढील अटी असाव्यात, असें आमचें मत आहे.

पहिली अट अशी कीं, धोका खरोखर अकल्पित असावा. शेजारीं जुन्या खाणीचें साचलेलें पाणी आहे हें नकाशावरून कळण्यासारखें असतांना तें फुटलें, तर तो दैवाचा खेळ नव्हे. अशा पाण्याच्या ६० मीटरच्या आंत परवानगीवांचून काम नेऊं नये, असा नियम १९५७ च्या कोळसा खाण विनियमांतच घातलेला होता. चिखलीचें पाणी अकल्पित होतें असें कोणी म्हटलें तर क्षणभर ऐकूं. पण चासनालाच्या नंतर जुनें पाणी हें निमित्त कोणी सांगूं नये.

दुसरी अट, धोका आहे कीं नाहीं हें पट्टेदारानें किंवा केवळ महसूल कचेरीनें ठरवूं नये. धनबादच्या खाण सुरक्षा महानिदेशालयाचे निरीक्षक खालीं उतरून पाहूं शकतात; त्यांचा दाखला आवश्यक असावा. त्या दाखल्याची मराठी प्रत ग्रामपंचायतींत लावावी व ग्रामसभेचें म्हणणें ऐकून घ्यावें. आमच्या पिकाची आणेवारी गांवांत येऊन होते. मग आमच्या भुईखालची आणेवारी आमच्या पाठीमागें कां व्हावी?

तिसरी अट, तहकुबी सहा महिन्यांहून अधिक एका वेळीं देऊं नये. पुन्हां पाहणी, पुन्हां मुदत. धोका कायमचा ठरल्यास पट्टेदारास सन्मानानें मोकळें करावें. पण वर्षानुवर्षें खाण ना चालू ना बंद अशी ठेवूं नये.

चौथी अट सर्वांत महत्त्वाची. तहकूब व्हावें तें फक्त कोळसा काढण्याचें बंधन, त्यावरचा दंड आणि ठोक भाड्याचा कांहीं भाग. पाणी उपसणें, हवा खेळती ठेवणें, आगीचीं तोंडें बंद करणें, भेगा बुजविणें व त्यांना कुंपण घालणें, खचलेल्या शेताची व बुडालेल्या पिकाची भरपाई, आटलेल्या विहिरींच्या गांवास पाणी, आणि मजुरांचें वेतन, यांतील एकहि गोष्ट एक दिवसहि तहकूब होतां कामा नये. खरें पाहतां धोका लागला म्हणजे हीं कर्तव्यें कमी होत नाहींत, वाढतात. आणि खाण थांबलेली असेतों ठोक भाड्यांतून कांहीं हिस्सा जिल्हा निधींत जावा, म्हणजे वर सांगितलेला झरा अजिबात आटणार नाहीं.

येथवर आम्हीं सरकारला व खाणवाल्यांना उपदेश केला. आतां थोडें आपल्या घरांत पाहूं. तहकुबीसाठीं आम्ही शेतकरी पूर्वीं किती झगडलों आहों! १८९६-९७ च्या दुष्काळांत पुण्याच्या सार्वजनिक सभेनें व लोकमान्य टिळकांनीं गांवोगांव सांगितलें कीं, नियमाप्रमाणें मिळणारी सूट हक्कानें मागा. १९१८ सालीं खेड्याच्या शेतकऱ्यांनीं महात्मा गांधींच्या मागें उभें राहून सांगितलें कीं, पीक चार आण्यांच्या आंत आहे, नियमाप्रमाणें सारा तहकूब झालाच पाहिजे. पण सरकारनें साऱ्याची तहकुबी दिल्यावर आम्हां जमीनमालकांपैकीं सर्वांनीं ती आपल्या कुळांपर्यंत पोहोंचविली काय? आपखुशीनें पोहोंचविली नाहीं, म्हणूनच मुंबईच्या जमीन महसूल कायद्यांत ८४-अ हें कलम व पुढें १९४८ च्या कूळकायद्यांत १३ वें कलम घालून, सारा तहकूब झाला तर खंडहि त्या मानानें तहकूब झाला पाहिजे, असें सक्तीनें सांगावें लागलें. वरून आलेली सवलत खालीं जाऊं न देण्याची खोड केवळ खाणवाल्यांचीच आहे, असें छातीस हात लावून आम्हांस म्हणवत नाहीं.

धायरीच्या आसपास आज शेतकरी आपली जमीन कोणास मुरमासाठीं, कोणास गोदामासाठीं, कोणास रोपवाटिकेसाठीं भाड्यानें देतो; कोणी विहीर किंवा बोअर उक्तें देतो. हे कागद बहुधा छापील नमुन्यावर होतात, व त्यांत थांबण्याला जागा नसते. आमची वाचकांस विनंति आहे कीं, यापुढें अशा प्रत्येक कागदांत दोन ओळी आपल्या हातानें घालाव्यात. भुईखालीं किंवा भुईवर अकल्पित धोका निघाल्यास दोघांनीं नेमलेल्या जाणत्या माणसाच्या पाहणीनें काम व त्याचें देणें ठराविक काळ तहकूब राहील, ही पहिली. शेजाऱ्याच्या बांधाचें, विहिरीचें व कामावरच्या माणसांचें देणें मात्र तहकूब राहणार नाहीं, ही दुसरी. आपल्या कागदांत हें लिहिलें, म्हणजे चंद्रपूर व वणीकडच्या आपल्या भावांसाठीं हेंच मागतांना आपला आवाज चाचरणार नाहीं.

आमची ती विहीर पुढें बाजू बांधून पुरी झाली. तिला लागले ते दिवस कागदांतल्या मुदतीहून बावीसच अधिक. त्या बावीस दिवसांसाठीं आम्ही काय गमावणार होतों, हें तिच्या कांठावर उभें राहिलें म्हणजे अजूनहि मनांत येतें.